भीमथडी आणि अखल-तेके : अश्ववंश आणि वाङ्मयीन स्मृती

राजा बढे यांच्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीताला महाराष्ट्र शासनाने २०२३ साली राज्यगीताचा दर्जा दिला. त्या गीतात भीमथडीच्या तट्टांचा आणि यमुनेच्या पाण्याचा उल्लेख येतो. मराठी भाषकाला ही प्रतिमा बालपणापासून पाठ असते. परंतु भीमथडी हे घोड्याच्या एका विशिष्ट जातीचे नाव आहे, आणि ती जात आजही जिवंत आहे, याची जाणीव त्यांपैकी फार थोड्यांना असते. शब्द सर्वांच्या मुखी आणि प्राणी जवळजवळ अदृश्य, अशी ही स्थिती आहे. ती कशी उद्भवली हा प्रश्न पशुसंवर्धनशास्त्राइतकाच साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे. तुर्कमेन लोकांच्या अखल-तेके या प्राचीन अश्ववंशाशी तुलना केली असता त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

अखल-तेके या नावातील 'अखल' हा कोपेतदाग पर्वताच्या पायथ्याचा मरूद्यानांचा पट्टा, आणि 'तेके' ही तेथील तुर्कमेन टोळी. भूमी आणि जन या दोहोंची नावे एकत्र येऊन घोड्याचे नाव सिद्ध झाले आहे. सडपातळ बांधा, लांब मान, पातळ कातडी आणि धातूसारखी झळाळी असलेले अंग ही या जातीची लक्षणे. काराकुमच्या वाळवंटात कुरणे विरळ असल्याने येथे घोड्यांचे कळप मोकळे सोडण्याऐवजी एकेक घोडा तंबूजवळ बांधून, नमद्याच्या झुली घालून, मोजका पण कसदार चारा देऊन वाढविला जाई. घोडा हा कुटुंबाचा घटक होता आणि त्याची वंशावळ मालकाला तोंडपाठ असे. अश्वपालकांच्या स्मरणात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या या मौखिक वंशावळी पुढे लेखी नोंदवहीला आधारभूत ठरल्या.

याच स्मृतीचे वाङ्मयीन रूप म्हणजे 'गोरोग्ली' हे महाकाव्य. दुतार या तंतुवाद्याच्या साथीने बख्शी, म्हणजे परंपरागत गायक, ते सादर करतात. तुर्कमेन परंपरेत नायक थडग्यात जन्मतो आणि त्याच्या नावाचा अर्थही तोच आहे. अझरबैजानी व तुर्की परंपरांत तो आंधळ्याचा पुत्र आहे. त्याच्या पित्याने निवडलेले शिंगरू सरदाराला कुरूप वाटते, म्हणून पित्याचे डोळे काढले जातात, आणि तेच शिंगरू पुढे अजिंक्य घोडा ठरते. पाठभेद कितीही असले तरी नायकाचा घोडा, तुर्कमेन पाठांतील गिरात, हा केवळ वाहन नसून स्वतंत्र पात्र आहे. त्याचे चोरीला जाणे आणि त्याला परत मिळविणे यावर अनेक पाठांत स्वतंत्र आख्याने रचली गेली आहेत.

या स्मृतीचे सामर्थ्य आपत्तीच्या काळात प्रत्ययास आले. १८८१ मध्ये गोकतेपे येथे रशियन सैन्याने तेके टोळीचा पाडाव केला. पुढे सोव्हिएट राजवटीत सामूहिकीकरणामुळे घोड्यांची खाजगी मालकी संपुष्टात आली. तरीही १९३५ साली तुर्कमेन घोडेस्वारांनी अश्काबादपासून मॉस्कोपर्यंतचा प्रवास ८४ दिवसांत पूर्ण करून आपल्या घोड्यांचे मोल राजधानीच्या निदर्शनास आणले. आज हा घोडा तुर्कमेनिस्तानच्या राजचिन्हावर आहे. युनेस्कोने २०१५ मध्ये गोरोग्लीच्या सादरीकरणाची कला आणि २०२३ मध्ये अखल-तेके अश्वपालनाची व अश्वालंकरणाची परंपरा मानवी वारशाच्या सूचीत समाविष्ट केली. येथे काव्य आणि अश्वशाळा यांची नोंद स्वतंत्रपणे झाली असली तरी मुळात त्या एकाच परंपरेच्या दोन शाखा होत.

भीमथडीच्या नावातही नदी आणि तिचा काठ आहे. थडी म्हणजे तीर. भीमा-नीरा खोऱ्यातील मूळच्या तट्टांचा अरबी व इराणी घोड्यांशी संकर होऊन ही काटक, लहान चणीची जात घडली असे मानले जाते. थोड्या चाऱ्यावर दूरची मजल मारणे आणि डोंगराळ वाटा पायाखाली घालणे हे तिचे वैशिष्ट्य मराठ्यांच्या चपळ युद्धपद्धतीस अनुकूल होते. मात्र मराठी लष्करी परिभाषा घोड्याकडे पाहते ती मालकीच्या अंगाने. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा कोणाचा हा तेथे पहिला प्रश्न आहे. घोडा कोणता, हा नव्हे.

ही परिभाषा किती दूर गेली याची साक्ष बंगाली साहित्य देते. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर झाल्या. त्यांची दहशत गंगारामाच्या 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात नोंदली गेली, आणि 'बारगीर' शब्दापासून झालेला 'बर्गी' तेथील अंगाईगीतात जाऊन बसला. पुढे १७९८ पासून इंग्रजी अंमल येईपर्यंत जबलपूरसह नर्मदेचे खोरेही याच भोसल्यांच्या ताब्यात होते. मराठी घोडदळाची स्मृती अशा रीतीने परभाषांतही उरली. पण ती स्वाराची स्मृती होती, घोड्याची नव्हे.

मराठीत घोड्याला स्थान नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 'गंगेत घोडे न्हाणे', 'वरातीमागून घोडे', 'घोडामैदान जवळ असणे', 'घोडे पेंड खाणे' यांसारख्या प्रयोगांनी भाषा भरलेली आहे. खंडोबा अश्वारूढ आहे. मणी दैत्याने अश्वारूढ रूपाने त्याच्या सान्निध्यात राहण्याचा वर मागितल्याची कथा प्रसिद्ध आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीपुढे स्वाराविना चालणारा माउलींचा अश्व रिंगणात धावतो, तेव्हा वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. परंतु या अश्वाचे माहात्म्य अदृश्य स्वाराचे आहे. गिरात हा गिरात म्हणून वंद्य आहे. येथील घोडा देवाचा म्हणून वंद्य आहे. भीमथडीची तट्टे तर नेहमी अनेकवचनातच येतात. ती समूहाच्या पराक्रमाची खूण आहेत; त्यांतील एकाचेही चरित्र मराठी मनात गिरातासारखे रुजलेले नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि शिलेदारीचा आधार तुटला. इंग्रजी घोडदळाला उंच घोडे हवे होते. पुढे ते ऑस्ट्रेलियातून येऊ लागले. लहान चणीच्या घोड्याची प्रतिष्ठा गेली, आणि शब्दही तिच्याबरोबर उतरणीला लागला. 'तट्टू' हा शब्द गीतात गौरवाचा राहिला, पण व्यवहारात 'भाडोत्री तट्टू' ही शिवी झाली.

मग ही जात टिकली कोणाकडे? ती टिकली धनगरांकडे. पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन पुणे, सातारा, सोलापूर या भागांतील धनगर कुटुंबे चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात, तेव्हा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, नवजात कोकरे, क्वचित तान्हे मूलही त्या ओझ्यावर असते, आणि घोड्यांना हाकीत बहुधा स्त्रिया चालतात. ज्या घोड्याला इतिहासाने रणातून मोकळे केले त्याला या स्त्रियांनी बिऱ्हाडासाठी जपले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२४ मध्ये भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून नोंदविले आणि ती देशातील आठवी नोंदणीकृत अश्वजात ठरली. या मान्यतेमागे भटक्या कुटुंबांचे दोन शतकांचे अलिखित पशुपालन उभे आहे.

तुलनेतून निघणारा निष्कर्ष असा : तुर्कमेनांमध्ये गाणारे आणि घोडा पाळणारे एकाच समाजाचे, एकाच तंबूतले होते, म्हणून काव्याने घोडा राखला आणि घोड्याने काव्य. महाराष्ट्रात बखर लिहिणारा, पोवाडा गाणारा आणि घोडा जपणारा हे वेगवेगळे झाले. प्रतिमा एकाकडे राहिली, प्राणी दुसऱ्याकडे. गोरोग्लीचा मराठी प्रतिरूप शोधायचा असेल तर तो केवळ पोवाड्यात शोधून भागणार नाही. बिरोबाच्या धनगरी ओव्यांकडे, ज्यांच्या अभ्यासाला गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्य वाहिले, त्याच दृष्टीने वळले पाहिजे. मराठी साहित्याचा इतिहास आजवर शिलेदारांच्या बाजूने पुष्कळ लिहिला गेला. राज्यगीतातील त्या एका शब्दाचा पूर्ण अर्थ लावायचा तर तो घोड्याची दोरी हाती धरून चालणाऱ्यांच्या बाजूनेही लिहावा लागेल.