मूळ गुणपत्रिका कॉलेजने अडवली तर?

प्रश्न : प्रवेश रद्द केला, पण कॉलेज मूळ कागदपत्रे परत देत नाही. दाद कुठे मागावी?

उत्तर : मूळ कागदपत्रे अडवणे हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार तक्रारीचाच विषय आहे. विद्यार्थ्याने ऑफिसात तोंडी विनवण्या करत बसू नये. कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे ऑनलाइन किंवा लेखी अर्ज करावा, प्रवेश रद्द केल्याचा अर्ज आणि फीची पावती जोडावी आणि पोच जपून ठेवावी. पुढे सगळे त्या पोचेवरच चालते.

समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

निर्णय पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. त्या पदावर निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात. कॉलेजच्या दबावाबाहेरची ही पायरी विद्यार्थ्यांनी जरूर वापरावी.