कपडे धुतले, तरी अंगाला खाज!

प्रश्न : आम्ही हैदराबादेत, जामबागेत राहतो. बोअरच्या पाण्यात धुतलेला युनिफॉर्म घातला की मुलीच्या मानेला, कमरेला खाज सुटते. कोणती पावडर घ्यावी?

उत्तर : ब्रँडपेक्षा वास बघा. बिनवासाचं, बिनरंगाचं लिक्विड घ्या. खाजेमागे पुष्कळदा सुगंधी द्रव्यंच असतात. ‘बेबी’ लिहिलेल्या बाटलीतही ती सापडतात. सॉफ्टनर बंद करा. बोअरच्या जड पाण्यात साबणवडीचा चिकट साका कापडात बसतो, म्हणून वडी नको. फेस कमी आला की आपण पावडर वाढवतो (सवयच ती!), ती नीट निघत नाही. मोजून घाला, एकदा जास्त खळबळा. रिठे, तुमच्याकडची कुंकुडुकायलू, चालतील. पण तेही काहींना सोसत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दोष पट्ट्याच्या बकलातल्या निकेलचाही असू शकतो.