मधुमेही पायाची जखम आणि लाल दिवा

जूनमध्ये गंगाखेड तालुक्यातील एक शेतकरी मुलासह दवाखान्यात आले. वय साठीच्या आसपास, मधुमेह बारा वर्षांचा. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जखम. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने लाल प्रकाशाचे यंत्र विकत आणून दिले होते.

"डॉक्टरसाहेब, दीड महिना झाला, रोज वीस मिनिटं लाईट लावतो. जखम हाय तशीच."

"काका, इथवर कसे आलात?"

"स्टँडपासून चालतच की. दुखतंय कुठं?"

दुखत नाही, हेच तर दुखणे! वाचकहो, साखर बरीच वर्षे ताब्यात नसली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला, चप्पल चावली, तरी कळत नाही. निरोगी माणूस जखम झाली की लंगडतो, म्हणजे त्या जागेवरचा भार आपोआप काढून घेतो. बधिर पायाचा माणूस त्याच जखमेवर ताठ चालतो आणि भरत आलेले कोवळे मांस रोज चिरडतो.

आता या दिव्याविषयी. बुडापेस्टचे डॉ. एंद्रे मेस्टर यांनी १९६७ मध्ये उंदरांच्या पाठीचे केस काढून तेथे सौम्य लेसर सोडला. लेसरने कर्करोग होतो काय, हे त्यांना पाहायचे होते. कर्करोग झाला नाही, उलट केस लवकर उगवले. पुढे न भरणाऱ्या जखमांवर हाच प्रयोग झाला. लाल प्रकाशाने पेशींतील ऊर्जानिर्मितीला चालना मिळते, असे मानतात. काही छोट्या अभ्यासांत मधुमेही जखमा लवकर आकसल्या. परंतु मात्रा किती, कोणत्या जखमेला, याचा भरवसा अजून नाही. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ च्या मार्गदर्शिकेत जखम भरण्यासाठी असे भौतिक उपचार वापरू नयेत, असेच सुचवले आहे.

आणखी एक धोका. लाल दिवा म्हणून कित्येक जण शेकण्याचा तापणारा दिवाच लावतात. बधिर पायाला चटका कळत नाही आणि एका जखमेच्या दोन होतात. गरम पाण्याची पिशवीही तशीच घातक.

मग करायचे काय? भार काढायचा. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांच्या जखमा प्लास्टर घालून भरून आणल्या. पायाला नीट बसणारे प्लास्टर वजन सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटून देते. तेच मधुमेहींना लागू पडते. मात्र पू असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर आधी त्याचा इलाज. म्हणून पायाची नाडी तपासल्याशिवाय प्लास्टर नाही.

काकांची नाडी चांगली लागत होती, पूही नव्हता. पण पेरणी तोंडावर, ते प्लास्टरला तयार होईनात. शेवटी मुलाने रजा काढली. जखमेभोवतीचे घट्टे काढले, इन्सुलिन सुरू केले आणि तज्ज्ञाकडून प्लास्टर घालून घेतले. दर आठवड्याला ते बदलतो. जखम आता हरभऱ्याएवढी उरली आहे. प्लास्टरमुळे दिवा लावायला जागाच नाही, यंत्र कपाटात आहे.

जखम असलेला पाय सुजला, काळा पडला, घाण वास येऊ लागला किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी जिल्हा रुग्णालय गाठावे.