फोन कुणाच्या हातात पडेल?

चौबे कॉलनी, रायपूर

चि. मनू,


मेकाहारा रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात येणाऱ्या बिडीबाज रुग्णांना रोज मेसेज पाठवायचा तुझा बेत दादाकडून कळला. बेत पोकळ नाही. इंग्लंडमध्ये ५,८०० जणांवर हे करून पाहिलं. २०११ च्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, की सहा महिन्यांनी मेसेजवाल्यांतले १०.७ टक्के धूम्रपानातून सुटलेले होते, बाकीच्यांत ४.९. दहात एक म्हणजे थोडे वाटतील, पण मेसेजला खर्च तो किती!

मला काळजी वेगळीच आहे. आपल्याकडे फोन एकट्याचा नसतो. नवरा बघतो, सासू बघते, पोरं गेम खेळतात. तेव्हा मेसेजात एआरटी, गोळ्या, केंद्र, यातलं काही येता कामा नये. 'आज बीड़ी नहीं, भैया' एवढंच पुरे. व्हॉट्सॲप ग्रुप तर चुकूनही करू नकोस. एकाचा नंबर दुसऱ्याला दिसला की संपलं. लेखी संमतीवाचून कुणाला एचआयव्ही आहे ही माहिती फोडायची नाही, असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. पण कायदा पोचेपर्यंत मोहल्ल्याने निकाल लावलेला असतो.

नाव लिहून घेताना आधी विचार: फोन कुणाजवळ असतो, वाचता येतं का? येत नसेल तर छत्तीसगढीत बोलून पाठव. आणि गुडाखूचं खोदून विचार. बिडी सुटली की हात त्या डबीकडे जातो, आणि सकाळी दातांना घासलेला तंबाखू बायाबापड्या व्यसनात धरतच नाहीत.

डेन्मार्कमधल्या २०१३ च्या अभ्यासात, एचआयव्हीचे उपचार चालू असलेल्यांची धूम्रपानाने १२.३ वर्षं जात होती, एचआयव्हीने ५.१. हे तुझ्या माहितीसाठी. रुग्णाला आकड्यांनी भिववू नकोस. 'गोळीचं कमावलेलं बिडी खाते' म्हण, तेही समोरासमोर, फोनवर नाही.

सरकारची १८००-११२-३५६ ही तंबाखूमुक्तीची लाइन सगळ्यांसाठी आहे, म्हणून तिच्या नंबरावरून कुणाला काही कळत नाही. तुझे मेसेज तसेच दिसू देत. आणि 'आज ओढली' असं उत्तर आलं तर त्याला ठरीव मजकूर धाडू नकोस, स्वतः फोन कर.

पहिल्या आठवड्याचे मेसेज आधी माझ्या फोनवर पाठव. तुझी आजी तो रोज चाळते. तिला संशय आला नाही, तर कुणालाच येणार नाही.

तुझी,
आत्या