भीड मोडायची की चेपायची?

जून आला की आपल्या मंडळातल्या बी.एड.ला जाणाऱ्या आणि गावी शिकवण्या घेणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: पहिल्या दिवशी वर्गात कोणता खेळ घेऊ? ‘आईसब्रेकर’ म्हणून शोधलं तर शंभर खेळ सापडतात. त्यातला कोणता निवडायचा आणि का, तेवढं या लेखात पाहू.

सुरुवात शब्दापासून करू. बर्फ फोडत वाट काढणारं जहाज म्हणजे आईसब्रेकर. आपल्याकडे बर्फ नाही, भीड आहे. ती मोडतेही, पण नव्या जागी रुळणाऱ्या माणसाबद्दल आपण म्हणतो, ‘हळूहळू भीड चेपली.’ खेळ निवडताना हे ‘हळूहळू’ लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं.

माझ्या गणेशगुडीचंच उदाहरण घ्या. जोयडा तालुक्यात, काळी नदीवर, १०१ मीटर उंचीच्या सुपा धरणाजवळचं हे गाव. इथल्या भागात एकाच वर्गात कुणबी, सिद्दी, गवळी, ख्रिस्ती आणि बदलीवर आलेल्या नोकरदारांची मुलं असू शकतात. कुणाच्या घरी कोकणी, कुणाच्या मराठी, कुणाच्या कन्नड. अशा वर्गात सर्वात सोपा वाटणारा खेळ कोणता? ‘उभं राहा, नाव, गाव, वडील काय करतात ते सांगा.’ खरं तर हाच सर्वात अवघड. ज्याला वर्गाची भाषा येत नाही, तो पहिल्याच मिनिटाला सगळ्यांसमोर अडखळतो. आडनावावरून जात ओळखली जाते, वडिलांच्या कामावरून ऐपत. आणि ‘गाव कोणतं?’ हा प्रश्नही इथे साधा नाही. जुनं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तिथल्या कितीतरी कुटुंबांना रामनगरला नव्याने घर मांडावं लागलं. असलं सगळं पहिल्या दिवशी मुलाकडून वदवून घेऊ नये.

गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातला शिक्षक चौथीच्या वर्गावर पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घेतो. मुलं गोंगाट करून तो उधळून लावतात. पुढे तो गोष्ट सांगायला बसतो, तेव्हा तीच मुलं आपोआप गप्प होतात. पहिला खेळ त्याने घरी बसून ठरवला होता. गोष्ट मात्र समोरची मुलं पाहून निवडली. गिजुभाईंसोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघांबरोबर १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला हीच दिशा धरली. पानं, बिया, खडे हेच त्यांचं शिक्षणसाहित्य. मूल शाळेत आलं तरी हातात त्याच्या ओळखीची वस्तू असायची.

यावरून मी चार कसोट्या काढल्या आहेत:

१. कुणालाही एकट्याने उभं राहावं लागू नये.
२. कुणी बाद होऊ नये. ‘शिवाजी म्हणतो’मध्ये सूचना न समजलेलं मूल आधी बाहेर जातं आणि बसून राहतं.
३. भाषा आली नाही तरी खेळता यावं. ‘कानगोष्टी’ म्हणूनच पहिल्या आठवड्यात नको. उच्चारांवर हशा पिकतो.
४. बाईंनी किंवा सरांनीही खेळावं.

या कसोट्यांना उतरणारे दोन खेळ सांगतो.

अर्धं पान: आंबा, फणस, साग अशी पानं आणा. प्रत्येक पान मधोमध फाडून अर्धं अर्धं वाटा. मुलांनी आपला दुसरा तुकडा शोधायचा. पान जुळलं की जोडी जमली. जोडीने एकमेकांची फक्त नावं विचारायची. मग ‘तुमच्या घरी या पानाला काय म्हणतात?’ असं सगळ्यांना मिळून विचारा. फळ्यावर एका पानाची तीन-चार नावं जमतात आणि घरची भाषा वर्गात मानाने येते. वीस मिनिटं पुरतात. पाऊस असेल तर व्हरांड्यातही जमतं.

मामाचं पत्र: हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. फक्त एक बदल करा: रुमाल टाकणाऱ्याने पळताना त्या मुलाचं नाव घ्यायचं. नाव आठवलं नाही तर सगळ्यांनी मिळून सांगायचं. हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या, म्हणजे आदल्या दिवशीची नावं पक्की होतात.

खेळ जमला की नाही हे टाळ्यांवरून ठरवू नका. टाळ्या बोलकी मुलं वाजवतात. शेवटच्या रांगेतलं गप्प मूल पाहा. चौथ्या दिवशी त्याने शेजाऱ्याला नावाने हाक मारून पेन्सिल मागितली, तर तुमची निवड बरोबर होती. नाही मागितली, तर त्याच्यावर प्रश्नांचा मारा न करता पाचव्या दिवशी पुन्हा पानं घेऊन जा.