वेद म्हणणारा फोन आणि पाठीवरचे वळ



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक १ ते ६ आणि श्लोक ३३. (काही प्रतींत अर्जुनाचा प्रश्न हा या अध्यायाचा पहिला श्लोक धरतात. तुमची प्रत तशी असेल तर क्रमांक एकाने पुढे न्या.)

मागच्या आठवड्यात माझ्या एका जवळच्या मित्राचे वडील गेले. निरोप आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. काय लिहावं ते सुचेना. मग एआयच्या ॲपमध्ये टाइप केलं, ‘मित्राचे वडील वारले. सांत्वनाचा मेसेज हवा. मनापासून लिहिल्यासारखा वाटला पाहिजे.’ काही सेकंदांत मेसेज तयार. भाषा सुंदर, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कॉपी, पेस्ट, सेंड. आणि मी परत मीटिंगमध्ये.

दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं, ‘वाचलं रे. तू कधी येतोयस?’

त्या प्रश्नाने मी खजील झालो. त्या रात्री नेहमीच्या वाचनाला बसलो, तर समोर तेरावा अध्याय होता.

भगवान सांगतात, हे शरीर म्हणजे क्षेत्र. क्षेत्र म्हणजे शेत. आणि या शेताला जो जाणतो तो क्षेत्रज्ञ. पुढे लगेच म्हणतात की सगळ्या क्षेत्रांतला क्षेत्रज्ञ मीच आहे. मग श्लोक ५ आणि ६ मध्ये शेतात काय काय येतं त्याची यादी आहे. पाच महाभूतं, अहंकार, बुद्धी, अव्यक्त, दहा इंद्रियं, मन आणि पाच विषय. ही झाली चोवीस तत्त्वं. त्यापुढे इच्छा, द्वेष, सुख, दुःख, देहाचा संघात, चेतना आणि धृती.

यादी नीट वाचली का? ‘बुद्धी’ शेतात आहे! आपण समजतो की बुद्धी म्हणजेच ‘मी’. हुशारी म्हणजेच माणूसपण. म्हणून तर मशीन बुद्धिबळात जिंकलं, कविता करू लागलं की आपल्याला धसका बसतो. पण गीतेने बुद्धीला आधीच प्रकृतीच्या बाजूला बसवलंय. ती जाणण्याचं साधन आहे, जाणणारा नव्हे. तेव्हा जड वस्तूने बुद्धीची काही कामं केली तर भक्ताने घाबरायचं कारण नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. ते सगळं चाललं असताना आत जाणणारं कुणी आहे का?

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये हा प्रश्न एका कल्पित खोलीतून मांडला. खोलीत एक माणूस आहे. त्याला चिनी भाषेचा गंधही नाही. बाहेरून चिनी अक्षरांच्या चिठ्ठ्या येतात. त्याच्याकडे नियमांचं जाडजूड पुस्तक आहे, अशी खूण आली तर तशी खूण परत पाठव. तो तसं करतो. बाहेरच्यांना वाटतं, आत चिनी उत्तम जाणणारा कुणीतरी बसलाय! सर्ल यांचं म्हणणं, संगणक हेच करतो. चिन्हं नियमाने हलवतो, अर्थ त्याला लागत नाही. काहींनी आक्षेप घेतला की माणसाला चिनी कळत नसेल, पण माणूस, पुस्तक आणि खोली मिळून कळत असेल. सर्ल म्हणाले, ते अख्खं पुस्तक त्याने पाठ केलं तरी त्याला चिनी कळणार नाही. आणि संगणकावर वादळाचं गणित मांडलं म्हणून कुणी भिजत नाही, मग समजुतीचं गणित मांडलं की समजूत आली असं का धरायचं?

हा वाद अजून मिटलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मला त्यातलं ‘भिजणं’ फार जवळचं वाटलं. श्लोक ६ पुन्हा पाहा. इच्छा, द्वेष, सुख, दुःख. साध्या मुंगीलाही काहीतरी हवं असतं, काहीतरी नको असतं. चटका लागला की ती मागे सरते. जगणं हे तिच्यासाठी खरं आहे, तिचं त्यात काहीतरी पणाला लागलंय. फोनची बॅटरी संपते तेव्हा फोनला भूक लागत नाही. चार्जर आपण शोधतो.

आता एक शंका येईल. त्याच श्लोकात ‘चेतना’ही शेतातच आहे, मग ती यंत्रात का येऊ नये? शंकराचार्यांनी इथे तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दृष्टान्त दिलाय. गोळा लाल दिसतो, चटका देतो, पण ती धग त्याची स्वतःची नाही, अग्नीची आहे. अंतःकरणातली चेतना तशी आत्म्याकडून उसनी आलेली. मला यातून असं समजलं की गार लोखंडाचा गोळा कितीही मोठा केला तरी तो आपोआप तापत नाही. तसं गणित कितीही वाढवलं, वेगवान केलं, म्हणून त्यातून जाणणारा निघेलच असं नाही.

‘पण देव तर सगळीकडे आहे, मग यंत्रात नाही का?’ आहे ना! श्लोक ३३ म्हणतो, एकच सूर्य जसा सगळ्या जगाला उजळतो, तसा क्षेत्राचा स्वामी सगळ्या क्षेत्राला उजळतो. ऊन भिंतीवरही पडतं आणि आरशावरही. पण चेहरा आरशातच दिसतो. भिंतीला गुळगुळीत रंग दिला म्हणून तिचा आरसा होत नाही.

इथे मला पैठणची कथा आठवली. आपण लहानपणापासून ऐकलेली. शुद्धिपत्रासाठी गेलेल्या ज्ञानदेवांना तिथल्या मंडळींनी रस्त्याने जाणारा रेडा दाखवला आणि म्हणाले, याचंही नाव ज्ञाना आहे. ज्ञानदेव म्हणाले, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. कुणीतरी रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले. त्यानंतर रेड्याच्या मुखातून वेद आले.

आपल्या लक्षात राहिले ते रेड्याचे वेद. आज वेद फोनही म्हणतो, अगदी स्वरासकट. सांत्वनाचा मेसेजही लिहितो. पण मला आता वाटतं की त्या कथेचं मर्म वळांत आहे. दुसऱ्याला लागलेलं स्वतःच्या पाठीवर उमटणं. ते गणिताने येत नाही, कारण त्यासाठी आधी पाठ असावी लागते आणि त्या पाठीमागे ‘कुणीतरी’ असावं लागतं.

मंडळी, आता खरी बोच सांगतो. त्या दिवशी यंत्राने काही चूक केली नाही. ते जे करतं ते त्याने केलं. गैरहजर मी होतो. माझ्या आत क्षेत्रज्ञ होता, पाठ होती, आणि मी ती फिरवली. यंत्र माणसासारखं होईल की नाही ते पुढे कळेल, पण माणूस यंत्रासारखा होतो हे मी स्वतःतच पाहिलं. सकाळच्या जपाचंही तेच. काउंटरवर १०८ आकडा आला की माझं समाधान. आकडा खरा, पण नाम घेणारा कुठे होता?

दुसऱ्या दिवशी मी मित्राकडे गेलो. एकही चांगलं वाक्य बोलता आलं नाही. ‘काकांनी मला सायकल शिकवली होती रे,’ एवढंच म्हणालो आणि गळा दाटला. त्याने माझा हात धरला. बराच वेळ दोघंही गप्प. त्याच्या आईने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

आजचा अभ्यास: आज फक्त एक माळ करा, काउंटर न लावता. मन भटकलं तर ‘भटकलं हे कुणाला कळलं?’ एवढं विचारा आणि नामाकडे परत या. आणि ज्याला मेसेजवर भागवलंय अशा एका माणसाला आज फोन करा. शब्द अडखळले तरी चालतील.

पांडुरंगा, बुद्धी तू दिलीस, ती चालवणारी साधनंही दिलीस. पण दुसऱ्याचं दुःख समोर येईल तेव्हा मला माझ्या जागेवर हजर ठेव.

राम कृष्ण हरी!