समुद्राला दार

मेहरूण तलावात 3 मीटर खोलीवर पाण्याचा दाब किती? आणि अरबी समुद्रात तेवढ्याच खोलीवर? जवळजवळ सारखाच! दाब पाण्याच्या विस्तारावर नव्हे, खोलीवर अवलंबून असतो; खारे पाणी थोडे जड, एवढाच फरक. म्हणूनच रायगडचे शेतकरी मातीच्या बांधाने खाडी थोपवून भात पिकवू शकतात. खाली दाब जास्त, म्हणून बांध तळाशी रुंद.

बांधातल्या दाराला तिकडे ‘उघाडी’ म्हणतात. भरतीच्या दाबाने तिची झडप मिटते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर पडते.

हॉलंडमध्येही तत्त्व हेच. पण 1953 च्या फेब्रुवारीत वादळाने समुद्र फुगला, दुर्लक्षित बांध फुटले आणि 1,836 माणसे दगावली. पुढे 1986 मध्ये ऊस्टरस्खेल्डे खाडीवर 62 पोलादी दारे उभी राहिली. ती एरवी उघडी असतात, वादळातच मिटतात. त्यामुळे खाडीतले मासे-शिंपले टिकले.

बांध फुटतो तो सर्वांत कच्च्या जागी. खेकड्याचे एक बीळही खांड पाडते, आणि खारे पाणी शिरले की शेत नापीक होते. आता तर समुद्राची पातळी वाढत आहे. बांध एकदा बांधून भागत नाही, तो सतत राखावा लागतो, हाच हॉलंडचा धडा.

आता सांगा पाहू : उघाडीची झडप समुद्राच्या बाजूलाच का बसवतात?